मोरपीस

गोव्याच्या पेडण्यातल्या एका घराच्या मागल्या अंगणात, गणेश चवथीच्या दोन दिवस आधी, विहिरीच्या कठड्यावर घासलेली भांडी वाळत होती. समया, पंचपात्री, घंटा, पाठ टेकून उभं केलेलं ताम्हण, आणि खाली जांभ्याच्या फरशीवर पालथं घातलेलं घंगाळ. पावसाने तेवढ्यापुरती उघडीप दिली होती. ताम्हणाला लागून एक पत्रा उभा होता. वीतभर लांब, त्याहून थोडा अरुंद, तीन बाजूंनी कापलेला आणि चौथ्या बाजूने फाटलेला. मागून एक वळवलेली पट्टी रिव्हेट मारून बसवलेली. घरच्या पणजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेला विमानाचा तुकडा. घरात त्याला ‘आजोबांचं मोरपीस’ म्हणतात. माळ्यावरच्या ट्रंकेत तो इतकी वर्षं काजळी खात पडून होता, की नाव असं का पडलं हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. यंदा घरच्या सुनेने तो चवथीला वसरीत मांडायचा म्हणून खाली काढला आणि देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेच्या कोळाने, राखेने, नारळाच्या सोडणाने घासला. पत्रा आरशासारखा झाला. फक्त एका गोष्टीचं तिला नवल वाटलं. म्हणाली, "पाणी कसं हिरवंगार आलं. तांब्याचा कळंक असेल."

ते पाणी केळीच्या आळ्यात गेलं होतं.

तांब्याचा कळंक नव्हता तो. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक जपानी विमानांच्या पत्र्याला आतल्या बाजूने गंजरोधक म्हणून एक पातळ, पारदर्शक लाख दिलेली असे. तिला जपानीत ‘आओताके’ म्हणतात. शब्दाचा अर्थ हिरवा बांबू. रंग कधी निळसर, कधी हिरवा, आणि खालचा धातू तिच्यातून लकाकतो. साध्या रंगासारखी ती पत्रा झाकत नाही, पत्र्याला झाक देते. ऐंशी वर्षांनी ती ठिसूळ होते, कडांना सुटते आणि नखानेसुद्धा निघते. मग राखेपुढे काय टिकणार? जे धुऊन गेलं ते त्या तुकड्याचं गाव सांगणारी सगळ्यात सोपी खूण होती. अशा तुकड्यांवर माया करणारं कुणीही ते पाणी ऐकून गप्प बसेल. दोष कुणाला द्यायचा? ज्या हातांनी ताम्हण उजळलं त्याच हातांनी, त्याच मानाने, हेही उजळलं. तरी ते हिरवं पाणी डोक्यातून जात नाही.

सैनिकाने घरी आणलेली विमानाची वस्तू क्वचितच मोठी असते. किटबॅगेत जागा किती, आणि ती पाठीवर वाहायची किती कोस. त्यामुळे जे आलं ते तळहाताएवढं: पत्र्याचा तुकडा, घड्याळासारखी एखादी तबकडी, पर्स्पेक्सची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, काच कापून घासून केलेली अंगठी किंवा बदाम, हवाई छत्रीच्या कापडाचा पन्ना, काडतुसाची रिकामी पुंगळी, आणि नशीब असेल तर नंबर ठोकलेली छोटी पट्टी, जिला जमवणारे डेटा प्लेट म्हणतात. एकटी पट्टी अख्ख्या पंखापेक्षा जास्त बोलते. पट्टी नसेल तर पत्र्यालाच बोलतं करावं लागतं, आणि त्याची भाषा रंग, जाडी, रिव्हेट आणि कडा या चार गोष्टींत असते.

रंगाचं सांगितलंच. अमेरिकी पत्र्याला आतून झिंक क्रोमेटचा पिवळट हिरवा अस्तर-रंग असतो, कच्च्या कैरीच्या सालीच्या जवळ जाणारा, आणि तो आओताकेसारखा लकाकत नाही. ब्रिटिश विमानांत वैमानिकाच्या बैठकीतल्या भागांना राखाडी हिरवा रंग असतो. अमेरिकी पत्र्यावर कारखान्याने शाईने छापलेली ‘अल्क्लॅड’ ही अक्षरं आणि मिश्रधातूचा नंबर पुष्कळदा अस्तराखालून अजून वाचता येतो. ब्रिटिश भागांवर ‘एएम’ ही अक्षरं आणि वर मुकुट म्हणजे हवाई मंत्रालयाचा शिक्का, आणि शेजारी भांडाराचा क्रमांक. त्या क्रमांकाची सुरुवात वस्तूची जात सांगते: ‘६ए’ असेल तर उपकरण, ‘२२सी’ असेल तर वैमानिकाचा पोशाख. शिक्के पुसट असतील तर पत्रा घासायचा नाही. पातळ कागद वर धरून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवायची, किंवा अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ पत्र्याला टेकवून आडवा उजेड टाकायचा. दिसत नव्हता तो आकडा सावलीतून वर येतो.

जाडीसाठी व्हर्नियर नको, मायक्रोमीटर हवा. ब्रिटिश पत्रा गेजच्या मापात येतो: २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर, २० गेज ०.९१, १८ गेज १.२२. अमेरिकी पत्रा इंचाच्या हजारांशात: ०.०२५ इंच म्हणजे ०.६४ मिलिमीटर, ०.०३२ म्हणजे ०.८१, ०.०४० म्हणजे १.०२. जपानी पत्रा सरळ मिलिमीटरमध्ये. नवखा माणूस फसतो तो इथेच. जपानी ०.८ आणि अमेरिकी ०.८१ यांत फरक शंभरांश मिलिमीटरचा, आणि रंगाचा एक थर त्याहून जाड असतो. शिवाय घासलेला पत्रा कुठे किती झिजला ते कळायला मार्ग नाही. म्हणून जाडी ही साक्ष खरी, पण एकटी कधीच पुरेशी नाही. पाच-सहा ठिकाणी मोजावं, रंग नसलेली जागा निवडावी, आणि सगळी मापं लिहावीत, नुसती सरासरी नको.

रिव्हेटच्या डोक्याकडे तर भिंगातून पाहायलाच हवं. अमेरिकी पद्धतीत डोक्याच्या मधोमध बारीक खळगा असेल तर तो ‘एडी’ मिश्रधातूचा, वर उठलेला ठिपका असेल तर ‘डी’चा, उठलेल्या दोन रेघा असतील तर ‘डीडी’चा. साधं सपाट डोकं म्हणजे शुद्ध ॲल्युमिनियमच्या जवळचं. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत अमेरिकी बनावटीच्या डकोटा विमानांनी रसद टाकली, त्यामुळे तिकडून आलेल्या पत्र्यांत खळग्याचे रिव्हेट बरेच दिसतात. पेडण्याच्या तुकड्यावर खळगा नाही, ठिपका नाही, रेघा नाहीत. बाहेरच्या बाजूला डोकी पत्र्याच्या पातळीत बसवलेली, बोट फिरवलं तर कळत नाहीत. वजन ८६ ग्रॅम. ट्रंकेतल्या लोखंडी कुलपाहून हलकं.

आता कडा. कापलेल्या कडेवर करवतीच्या समांतर बारीक रेघा राहतात, कात्रीने कापली असेल तर कड एका बाजूला किंचित मुडपते, छिन्नीने तोडली असेल तर टप्प्याटप्प्याने खाचा दिसतात. फाटलेली कड वेगळीच. ती ताणली जाऊन पातळ होते आणि तिथे धातूचा पोत दाणेदार, राखट दिसतो. गोळी आत शिरली तिथल्या छिद्राची कड आत वळते, बाहेर पडली तिथे पाकळ्या फुलतात. आगीतून आलेल्या पत्र्याला खाली ओघळून गोठलेले थेंब असतात. या तुकड्याच्या तीन कडा करवतीच्या आहेत. म्हणजे कुणीतरी निवांत बसून, पडलेल्या विमानातून, हवा तेवढा भाग मोजून कापला. चौथी कड मात्र त्या विमानाच्या शेवटाची आहे. तिच्यावरून बोट फिरवताना हात आपोआप हळू होतो. त्या विमानात बसलेलाही कुणाच्या तरी घरचा होता, आणि त्याच्या घरी तर पत्र्याचा तुकडाही पोचला नसेल.

घरची आठवण सांगते की पणजोबा बेळगावला भरती झाले, ‘चौथ्या मराठात’ होते, आणि हा ‘झिरो’ विमानाचा पंख. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आणि या रेजिमेंटची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर वेढ्यात लढली होती, हे इतिहासात आहे. ‘झिरो’चं मात्र जपून घ्यावं लागतं. झिरो हे जपानी नौदलाचं विमान. ब्रह्मदेश आणि इंफाळवर जपानी सैन्यदलाची विमानं येत, आणि त्यांतलं नेहमीचं लढाऊ विमान होतं नाकाजिमाचं ‘हायाबुसा’, म्हणजे बहिरी ससाणा. दोन्ही गोल इंजिनाची, दोन्ही सडपातळ, लांबून जुळी. त्यामुळे दोस्त राष्ट्रांच्या सैन्यात दिसेल त्या जपानी विमानाला झिरो म्हणायची रीतच पडली होती. म्हणून घरच्यांना खोडून काढायचं का? मुळीच नाही. वहीत दोन रकाने करावेत. डावीकडे घरच्यांचे शब्द, जसेच्या तसे, उच्चारासकट: कोण म्हणालं, त्यांनी कुणाकडून ऐकलं, कोणत्या तारखेला सांगितलं. उजवीकडे आपण मोजलेलं आणि पाहिलेलं. डाव्या रकान्यात उजव्याचं शहाणपण घुसवलं की दोन्ही नासतात. सैनिकाच्या तोंडचा ‘झिरो’ हाही पुरावाच आहे. त्याने आकाशाकडे पाहून काय म्हटलं त्याचा.

हे काम वस्तूला हात लावण्याच्या आधी करायचं असतं. लोक उलट करतात. आधी वस्तू मागतात, ती मिळाली की घासतात, मग तिची माहिती शोधतात, आणि तोवर ज्यांना माहिती होती ती माणसं गेलेली असतात. पत्रा थांबू शकतो. नव्वदीतल्या आजी थांबू शकत नाहीत. फोनवर रेकॉर्डिंग लावून, वस्तू त्यांच्या मांडीवर ठेवून, त्यांना बोलू द्यावं आणि मध्ये तारखा विचारू नयेत. "ही कुठल्या ट्रंकेत असायची?" "तिला हात कोण लावायचं?" असे प्रश्न विचारले की बाकीचं आपोआप निघतं. आणि वस्तू मागू नये. ती ज्या घरात आहे तिथेच नीट राहिली तर जमवणाऱ्याचं निम्मं काम झालं असं मला मनापासून वाटतं.

नीट राहणं मात्र गोव्यात सोपं नाही. विमानाचा पत्रा म्हणजे ड्युरॅल्युमिन: ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबं, थोडं मॅग्नेशियम, थोडं मँगनीज. तांब्याने ताकद येते आणि तांब्यामुळेच तो खारट दमट हवेत कुजतो. म्हणून चांगल्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचं पातळ कवच चढवतात. अल्क्लॅड म्हणतात ते हेच, आणि एका बाजूचं कवच एकूण जाडीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी असतं. म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यावर ते मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढं, केसाएवढं किंवा त्याहूनही पातळ. त्यावर राख चोळली, भांड्याची पावडर चोळली, मशीनवर कापडी चाक फिरवलं, की कवच गेलं आणि आतला गाभा उघडा पडला. शिवाय ॲल्युमिनियमचं संरक्षण करणारा त्याचा नैसर्गिक पापुद्रा आम्लात विरघळतो आणि अल्कलीतही. चिंच आम्ल, राख अल्कली. तांब्या-पितळेला मानवणारी ही जोडी या धातूला दोन्हीकडून खाते. उजळलेला पत्रा पहिला महिना सुंदर दिसतो. मग बारीक पांढरे ठिपके येतात, ठिपक्यांखाली खड्डे पडतात, आणि कापलेल्या कडेपासून पत्रा थराथरांनी उकलायला लागतो. चिरोट्याला सुटतात तसे पापुद्रे सुटतात. तिथवर गेलेला तुकडा परत जुळत नाही.

घासून झालेला पत्रा तसाच ठेवला तर ही वाट ठरलेली. म्हणून त्याच दिवशी पाणी हवं, पण नळाचं किंवा विहिरीचं नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, ते. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पत्रा बुडेल एवढं घ्यावं, मऊ रंगाच्या ब्रशने कोपरे मोकळे करावेत, अर्ध्या तासाने पाणी बदलावं, असं तीन-चार वेळा. क्षार सुटले की नाही हे पाहायला शेवटच्या पाण्यातले थोडे थेंब वेगळ्या काचेच्या नळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा. दुधाळ झालं तर मीठ अजून निघतंय, धुणं चालू ठेवा. नितळ राहिलं तर पुरे. तुलनेला न वापरलेल्या डिस्टिल्ड पाण्यावरही तोच प्रयोग करावा, नाहीतर कॅनमधलंच पाणी खराब असलं तर कळत नाही. हातमोजे हवेत, सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी होतात. मग पंख्याखाली वाळवायचं, उन्हात नाही, आणि रिव्हेटच्या सांध्यातलं पाणी जायला पुरते दोन दिवस द्यायचे. पुसून कोरडा झालेला पत्रा सांध्यात दोन दिवस ओला असतो. सगळ्यात जास्त तुकडे तिथूनच कुजायला लागतात.

हे सगळं उघड्या धातूसाठी. रंग शाबूत असेल आणि सुटत असेल तर पाणीसुद्धा नको. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि थांबावं. त्या अंगणात एवढंच करायचं होतं.

वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. खोबरेल तेल नको, शिवणयंत्राचं तेल नको. तेल धूळ धरतं, खोबरेल खवट होऊन आम्ल सोडतं. मग घट्ट झाकणाचा पॉलिप्रोपिलीनचा डबा, आत सिलिका जेल. दहा लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅम घालावं. लागतं त्याहून जास्तच, पण झाकण कुठे ना कुठे गळतंच. आत छोटं आर्द्रतामापक ठेवावं आणि काटा ४० टक्क्यांच्या वर गेला की जेल काढून ११०–१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत घालावं. जून ते सप्टेंबर हे काम दर दोन आठवड्यांनी, बाकी वर्षात दोनदा. डबा समुद्राकडच्या खोलीत नको. लाकडी पेटी दिसायला छान, पण लाकूड आणि प्लायवुड आम्लाची वाफ सोडतात. फ्रेम करायचा मोह झाला तर पितळी किंवा लोखंडी स्क्रू पत्र्याला कधीच लावू नयेत. दोन धातू, मध्ये दमट हवा, म्हणजे छोटी बॅटरीच झाली, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. नायलॉनचा वॉशर आणि नायलॉनचा दोरा पुरतो. जुनं छिद्र मोठं करायचं नाही, नवं पाडायचं नाही.

पत्रा ज्या कापडात गुंडाळलेला होता त्याकडे अंगणात कुणाचं लक्षच नव्हतं. ते भांडी पुसायला घेतलं होतं. मळकट पिवळं, काठाला दुहेरी शिलाई, एका कोपऱ्यात दोरीचं सुतळीएवढं टोक. हवाई छत्रीचं कापड. रेशीम की नायलॉन हे कळायला एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळायचा. केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे रेशीम, वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, कागदासारखा वास आला तर सुती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रेशमी छत्र्या पुरेनात म्हणून जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्याने बंगालच्या तागाच्या छत्र्या करवून घेतल्या होत्या, ‘पॅराज्यूट’ हे त्यांचं नाव. तेव्हा जाड, खरबरीत, गोणपाटाच्या जवळचं कापड निघालं तर टाकून देऊ नये, ते रेशमापेक्षा दुर्मीळ आहे. सांगशाकच्या वेढ्यात वरून टाकलेली बरीचशी रसद शत्रूच्या बाजूला पडली होती. जी आपल्या बाजूला पडली तिची छत्री कापून कुणी पांघरूण केलं, कुणी पट्टी बांधली, आणि कुणी घरी आणली. जुन्या रेशमाची घडी घालू नये, घडीवरच ते तुटतं. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात घालून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावं, पण नळी आणि कापड यांच्या मध्ये आम्ल नसलेला कागद किंवा पॉलिस्टरचा पातळ पापुद्रा हवा. डांबरगोळ्या टाळाव्यात. कसर लागू नये म्हणून तीन महिन्यांनी उलगडून पाहणं हाच उपाय.

तबकड्यांचं मात्र वेगळं, आणि इथे जरा थांबून सांगायला हवं. उंची, वेग, तेलाचा दाब दाखवणाऱ्या युद्धकाळातल्या तबकड्यांचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमच्या रंगाने रंगवत. आज ते चमकत नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात. चमकणं थांबलं ते त्यातलं झिंक सल्फाइड जळून गेल्यामुळे. रेडियम-२२६ निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात, म्हणजे ते जवळजवळ होतं तेवढंच आहे. आकड्यांचा रंग तपकिरी पिवळा, भाजल्यासारखा, आणि भोवतालची तबकडीही करपलेली दिसली तर रेडियम समजावं. काच उघडायची नाही, हलवून वाजवायची नाही, काटा मोकळा करायला जायचं नाही. रंगाची पूड श्वासातून किंवा जेवणातून पोटात जाणं हाच खरा धोका. बंद झिप-पिशवीत ठेवून ती हवेशीर खोलीत ठेवावी, निजायच्या खोलीत किंवा देवघरात नाही. इथे सिलिका जेलच्या डब्याचा नियम लागू नाही. रेडियममधून रेडॉन वायू निघतो, तो कोंडला की साठतो. पोरांच्या हातात अशी तबकडी खेळायला दिलेली पाहिली की पोटात खड्डा पडतो.

पुंगळ्यांचंही तसंच. तळाच्या टोपीवर ठोक्याची खोल खूण असेल आणि तोंड रिकामं असेल, टॉर्चच्या उजेडात आत काही दिसत नसेल, तरच ती रिकामी. ठोका नाही म्हणजे जिवंत. ठोका आहे पण गोळी अजून तोंडात आहे, तर ते फुसकं गेलेलं काडतूस, आणि ते सगळ्यात वाईट. वीस मिलिमीटर आणि वरच्या गोळ्यांत स्फोटक असू शकतं. रंगावरून ठरवायला जाऊ नये, रंग उडतात आणि लोक रंगवतातही. जागेवर ठेवायचं, माणसं लांब करायची, ११२ ला फोन करायचा. जिवंत दारूगोळा घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हाही आहे. रिकाम्या पुंगळीच्या तळावर कारखान्याची अक्षरं आणि साल असतं. ‘केएफ’ दिसलं की मराठी माणसाला आनंद व्हावा, ती आपल्या खडकीच्या कारखान्याची खूण. मापाचा एक चकवा लक्षात ठेवावा: नौदलाच्या सी हॉक विमानाच्या हिस्पानो तोफेची पुंगळी ११० मिलिमीटर लांब, हवाई दलाच्या हंटर विमानाच्या एडन तोफेची १११. लांबीवरून काहीच कळत नाही, तोंडाचा व्यास मोजायचा, एक २०चं आणि दुसरं ३०चं. आणि पितळ चिंचेत बुडवून ठेवायचं नाही. आम्ल त्यातलं जस्त ओढून घेतं आणि पुंगळी गुलाबी तांबूस पडते. ती गुलाबी झाक मग सहजी जात नाही.

हंटरचं नाव गोव्यात निघालं की १८ डिसेंबर १९६१ ची, गोवामुक्तीच्या कारवाईची, सकाळ आलीच. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून आलेल्या हंटरांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र फोडलं, कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीची धावपट्टी. त्याच रात्री खड्डे पडलेल्या धावपट्टीवरून पोर्तुगीजांनी दोन प्रवासी विमानं काढून नेली, त्यांतलं एक सुपर कॉन्स्टेलेशन. पुढे पंधराएक वर्षांत त्याच दाबोळीवर आपल्या नौदलाची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं आली. त्यांतलं एक आज बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयाबाहेर उभं आहे, त्रिशूळासारखी तीन शेपटं घेऊन. त्या सकाळची म्हणून कातळावर मिळालेली वस्तू आणि सैनिकाने घरी आणलेली वस्तू यांच्यात एक फरक कायम ध्यानात ठेवावा लागतो. जांभ्याची माती आम्ल असते. तिच्यात साठ पावसाळे काढलेलं ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीखाली सच्छिद्र होऊन बसतं, पितळ तगतं. तेव्हा कातळावर सापडलेला म्हणून कुणी चकचकीत, खड्डा नसलेला पत्रा दाखवला तर गोष्ट जुळत नाही.

वास्को, चिखली, दाबोळी भागात नौदलातून निवृत्त झालेल्यांची घरं आहेत, आणि शोकेसमध्ये कुठे अलिझे विमानाची, कुठे सी हॉकची, कुठे सी हॅरियरची एखादी खूण असते. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी लाकडावर बसवून दिलेला भाग, खाली कोरलेली सगळ्यांची नावं. अशा वस्तूचा खरा ऐवज म्हणजे मागे चिकटवलेली चिठ्ठी. भंगारात काढलेला लष्करी माल लिलावातून बाहेर पडतो आणि त्याची पावती असते. ती झेरॉक्स नव्हे, मूळ, वस्तूबरोबर ठेवावी, कारण विनाकागदाचा सरकारी भाग म्हणजे पुढच्या पिढीला डोकेदुखी. आणि कागद नसलेल्या वस्तूला बाजारात कागद तयार करून मिळतात. नव्या नकली डेटा प्लेट दहापट भिंगाखाली ओळखू येतात: ठोक्याचे आकडे एका रेषेत, एकाच खोलीचे, भोकांच्या कडा तीक्ष्ण, आणि ‘जुनेपणा’ खड्ड्यांत तसाच उंचवट्यावरही. हाताने ठोकलेला आकडा कधी सरळ बसत नाही, आणि खरा जुनेपणा उंचवट्यावर झिजलेला असतो.

तर त्या अंगणात. पत्रा वाळला होता आणि मागची पट्टी बघायची राहिली होती. पट्टीचा एक पाख पत्र्याला रिव्हेटने बसलेला, दुसरा काटकोनात उभा, आणि बसलेल्या पाखाची लांब कड मध्ये किंचित उचललेली, विमान पडलं तेव्हाच उचलली गेली असणार. फट कागद जाईल एवढी. सोडण तिथे पोचणं शक्य नव्हतं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा फटीशी धरला, बाजूने टॉर्चचा उजेड टाकला. आत, पाखाच्या सावलीत, तांदळाच्या दाण्याएवढी रुंद एक रेघ पत्र्याच्या लांबीभर शिल्लक होती. आरसा जरा वळवला की निळी, परत वळवला की हिरवी, आणि दोन्हीच्या मागे धातूची लकाकी.

घरच्या आजी, पणजोबांची सून, वसरीतून उठून आल्या. चष्मा वर केला, आरशात डोळा लावला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मामंजी ट्रंक उघडायचे तेव्हा पोरांना म्हणायचे, डोळे मिटा, मोरपीस काढतो. आम्हांला वाटायचं, लाडाने म्हणतात."

वहीच्या डाव्या रकान्यात ते वाक्य तसंच उतरलं, मामंजीसकट. उजव्या रकान्यात: आओताके, पट्टीच्या फटीत, रुंदी सुमारे ३ मिलिमीटर, हात लावलेला नाही. सुनेला एवढंच सांगितलं की फटीत पाणी, मेण, ब्रश काही घालायचं नाही आणि कड दाबून बसवायची नाही. तिने पदराला हात पुसले, पत्रा दोन्ही तळव्यांवर आडवा घेतला, ताम्हण नेतात तसा, आणि पावसाची सर यायच्या आत उंबऱ्याच्या आत नेला.